धीराची काठी

लकडगंज, नागपूर
रविवार, १० फेब्रुवारी १९८०

प्रिय गिरी,

पाकीट पाहून दचकला असशील. सहा वर्षांत मी तुला जे काही लिहिलं ते कार्डावर. संक्रांतीचं कार्ड, आईच्या श्राद्धाची तिथी कळवणारं कार्ड, गोपाळरावांच्या बढतीचं कार्ड. राखी तेवढी लिफाफ्यात यायची, पण त्यात मी कधी एक ओळही घातली नाही, आणि तुझ्याकडूनही पोच आली नाही. आज मात्र चांगला डिंक लावून पाकीट बंद केलंय. फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग चुलीत घातलंस तरी चालेल. तू काय करशील हे मला खरोखर माहीत नाही. एकेकाळी तुझ्या मनातलं मला तुझ्या आधी कळायचं, असा माझा समज होता.

आधी घरचं. आम्ही बरे आहोत. गोपाळरावांनी मागच्या अंगणात वांग्याची रोपं लावली आहेत आणि कचेरीतून आले की तास-तास त्यांच्याशी बोलत बसतात. माणूस सरळ आहे, उगाच नाव ठेवणार नाही. थंडी ओसरली. शेजारच्या टालीत अजून लाकडं चिरायची आरामशीन चालते, आणि सकाळी तिचा आवाज सुरू झाला की मला अजूनही वाटतं, बाबा डबा विसरून गेले असतील. शाळेचं मागाहून सांगते. त्याला जरा दम लागेल.

बाबा टालीवरच्या कामावरून आणायचे त्या लाकडाच्या ढलप्या आठवतात तुला? दर शनिवारी पोत्यात भरून, आईच्या चुलीसाठी. आणि आई चुलीत घालायच्या आत आपण त्यातल्या चांगल्या चांगल्या लांबवायचो. सागाची तटबंदी, बाभळीचे बुरूज, खंदकात लाकडाचा भुसा. बाकीचे पोट्टे दिवाळीपुरता किल्ला करायचे, आपला बारा महिने उभा. एकाने किल्ला बांधायचा, दुसऱ्याने वेढा घालायचा, पुढच्या खेपेला उलट. चिंचोके म्हणजे शिबंदी, वाटीतली ज्वारी म्हणजे कोठार. रोज संध्याकाळी दर माणशी एक दाणा काढायचा, ज्वारी संपली की किल्ला पडला. हा नियम माझा. मी चौदा वर्षांची होते, तू आठ, आणि मला तो नियम फार शहाणपणाचा वाटायचा.

तुला नाही वाटला. बाबांचं बोट करवतीखाली गेलं, ते त्याच वर्षी. दोन महिने बाबा ओट्यावर बसून होते. मामा दर बाजाराला धान्य पोचवायचा, घरात काही कमी नव्हतं, तरी बाबा रोज थोडे थोडे खचत चालले होते. दाढी करेनात, बोलेनात. मग एक दिवस टालीवरचे लहानूकाका आले. तेही काही बोलणारे नव्हेत. बाबांच्या बाजूला ओट्यावर बसले, विडी ओढली, पाणी प्याले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आरसा मागितला. तू आईला विचारलंस, कोठारात दाणा असून बाबा काहून खचले होते? भाकरी थापता थापता आई म्हणाली, "पोटाले भेटलं तरी मानूस खचते रे बाबू. कोनी इचारतच नाही, का मंग खचते."

झालं. तुझ्या डोक्यात ते बसलं. संध्याकाळी तू एक पट्टी घेऊन आलास, तिच्यावर चाकूने दहा खाचा पाडलेल्या आणि वरच्या खाचेत आईच्या चोळीचा लाल दोरा बांधलेला. ही धीराची काठी, म्हणालास. दोरा तळाला आला की दाणा असो-नसो, शिबंदी दरवाजा उघडणार. मी हसले होते तुला. म्हटलं, धीर काय मोजता येतो होय? पण मग मलाच त्याचा नाद लागला. किती भांडलो आपण त्या आकड्यांवरून! तट फुटला तर एक खाच खाली. पाणी आटलं तर दोन. किल्लेदार शिबंदीच्या आधी जेवला तर दोन, हे आई सगळ्यांच्या मागून जेवायची त्यावरून तुला सुचलं होतं. रात्री गाणं म्हटलं तर एक वर. आणि बाहेरून एक जरी माणूस आत आला तर तीन वर. मी म्हणायचे तीन फार झाले, एक माणूस काय दिवे लावणार? तू ऐकेनास. म्हणालास, लहानूकाका एकटेच तर आले होते.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा कबूल केली नव्हती. तुझा किल्ला माझ्यापेक्षा नेहमी जास्त दिवस टिकायचा. मला वाटायचं तू दोरा चोरून वर सरकवतोस. तसं नव्हतं. तू प्रत्येक चिंचोक्याला नाव दिलं होतंस आणि कोण कुठल्या बुरुजावर आहे, कोणाला किती दिवस झाले, हे तुला पाठ असायचं. दमलेल्याला तू खाली आणायचास. मी चाळीस चिंचोके म्हणून चाळीस मोजायचे.

पासष्ट साली तू उमरेडला खाणीत लागलास. एस.टी. स्टँडवर आई रडत होती आणि आपण दोघं बाकावर बसून नियमांची वही काढून वाद घालत होतो, कारण डाव आता टपालाने चालणार होता. ज्याचा किल्ला, त्याने आठवड्याला एक कार्ड टाकायचं. दिवस इतका, दाणा इतका, पाणी, तट, धीर. कार्ड शत्रूच्याच हाती पडणार, म्हणून त्यावर वाटेल ते खोटं लिहायची मुभा. दोन असताना नऊ लिहावं, नऊ असताना दोन. दुसऱ्याने ते ओळखून योग्य वेळी किल्ला मागायचा, त्यातच मजा. तेव्हा मी तुला म्हटलं, गिरी, पण खरंच काही झालं तर? आणि मीच वहीत सतरावा नियम लिहिला. त्यावर येतेच.

नऊ वर्षं चालला तो डाव. आपला पोस्टमन एकदा कार्ड हातात देताना काळजीने म्हणाला, बाई, भावाचा धीर चारवर आला म्हणते, सर्व ठीक आहे ना? मी त्याला हसून सांगितलं, तो लबाड आहे, चार लिहिलंय म्हणजे आठ असणार. माझं लग्न झालं, तुझं प्रेमिलाशी झालं, तरी कार्डं चुकली नाहीत. काठी तू उमरेडला घेऊन गेला होतास. आई म्हणायची, एवढी मोठी झाली लेकरं, काय पोरखेळ लावला आहे. पण कार्ड आलं की पहिल्यांदा तीच विचारायची, आकडा काय आला?

आता चौऱ्याहत्तरचं.

किल्ला तुझा होता, एकेचाळिसावा दिवस. कार्डाऐवजी निळं आंतरदेशीय आलं, तिन्ही बाजूंनी चिकटवलेलं. आत पाच ओळी. दिवस एक्केचाळीस. दाणा भरपूर. पाणी भरपूर. तट शाबूत. धीर एक. खाली नाव नाही, काही नाही. ते हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हे मला लख्ख आठवतं. सोपं सांगायचं तर म्हणेन की सतरावा नियम विसरले होते. नऊ वर्षांत तो एकदाही वापरला गेला नव्हता, त्यामुळे विसरले म्हटलं तर कोणालाही पटेल. पण गिरी, मी विसरले नव्हते. पत्र निळं आहे, बंद आहे, हे मला दिसलं होतं आणि मी ते उलटून-पालटून पाहिलंही होतं. मग मनात आलं, काय डोकेबाज आहे हा पोट्टा, आता बंद पत्रातही थाप मारायला लागला. आणि सलग तीन किल्ले मी तुझ्याकडून हरले होते. मला जिंकायची घाई झाली होती; म्हटलं, थाप तर थाप, त्याच्याच आकड्यावर त्याला धरायचं. मी त्याच दुपारी कार्ड घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, किल्ला खाली करा, चाव्या घेऊन दिवाळीला हजर व्हा, जिंकले रे जिंकले! येताना पेढे आणायलाही सांगितलं होतं.

तुझं उत्तर आलं, किल्ला दिला. एवढंच. नंतर कार्ड नाही.

कवडू खाणीत दगावल्याचं मला चार महिन्यांनी कळलं, तेही परक्याच्या तोंडून. तुझा पाळीतला सोबती, तुझ्या लग्नात वाढायला कंबर बांधून उभा होता तो. दरड सुटली तेव्हा त्या बाजूला तूच त्याला पाठवलं होतंस, हेही कळलं. तरी मी तारखा जुळवल्या नाहीत. दुःखाचं एक कार्ड टाकलं, सगळे टाकतात तसं. तू गप्प झालास त्याचं कारण मी कवडूवर ढकललं, मग तुझ्या स्वभावावर. आईच्या तेराव्याला तू कोपऱ्यात बसलास आणि शेवटच्या गाडीने निघून गेलास, तर मी बायकांत म्हणाले, खाणीत जाऊन फार मोठा झाला आमचा गिरिधर. म्हणाले मी असं. तुझ्या कानावर गेलं असेल तर ते खरं आहे.

यंदा संक्रांतीच्या आधी इतवारीच्या बाजारात प्रेमिला भेटली. वाण घ्यायला आली होती. मी नेहमीसारखी तुझी तक्रार सुरू केली, तर ती मध्येच म्हणाली, "ताई, तुम्ही आल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस स्टँडवर जाऊन बसले होते ते." मला काही कळेना. मग तिने सांगितलं. कवडूला जाऊन आठ दिवस झाले होते. तू जेवत नव्हतास, कामावर जात नव्हतास. एक पत्र लिहून टाकलंस आणि मग शनिवारी अन् रविवारी, नागपूरची प्रत्येक गाडी येईपर्यंत, तू उमरेडच्या स्टँडवर बसून होतास. सोमवारी माझं कार्ड आलं. ते तू पत्र्याच्या पेटीत ठेवलं आहेस, असंही ती म्हणाली. तिने मला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, पाणी दिलं. फार भली मुलगी आहे, गिरी.

घरी येऊन वही शोधली. सतरावा नियम माझ्याच अक्षरात आहे, निळ्या शाईत. बंद पत्रात खोटं लिहायचं नाही. बंद पत्र आलं की डाव तिथेच मोडायचा आणि पहिल्या गाडीने निघायचं. खाली आपल्या दोघांच्या सह्या. ती वही मी शाळेत घेऊन गेले, कारण शाळेत मला आता दुसरं काही काम नाही.

हो, शाळेचं सांगायचं राहिलं. आमच्याकडच्या कांताबाई तुला आठवणार नाहीत. एकवीस वर्षं घंटा देणारी बाई. बक्षिसांच्या कपाटातली चांदीची ढाल नाहीशी झाली आणि आळ तिच्यावर आला. त्या दिवशी कांताबाई चारला घरी गेली होती, आणि साडेपाचला मी वह्या ठेवायला गेले तेव्हा ढाल कपाटात होती. मी पाहिली, म्हणून तसं लिहून दिलं. शाळेच्या मंडळाच्या लोकांचं म्हणणं, मी एवढंच लिहावं की मला नक्की आठवत नाही. चार शब्द. मी म्हटलं, मला नक्की आठवतं. दुसऱ्या दिवसापासून माझे तास काढून घेतले. अकरा ते पाच मी जुन्या नकाशांच्या खोलीत बसते. पंखा आहे, खुर्ची आहे, डबा आहे, पगारही चालू आहे. कोणी वाईट बोलत नाही. कोणी बोलतच नाही. दर सोमवारी टाइप केलेला एक राजीनामा टेबलावर येतो, त्यावर फक्त माझी सही नाही. आज त्र्याहत्तरावा दिवस, रविवार धरून. किल्ल्याला सुट्टी नसते, हा तुझाच नियम ना?

आणि त्या खोलीत बसून मी आपले आकडे ताडून पाहिले, बरं का. मास्तरीण पडले ना! काही बरोबर निघाले, काही साफ चुकले. गाणं म्हटलं की एक खाच वर, हे तीन दिवस चालतं, चौथ्या दिवशी आपलंच गाणं आपल्याला ऐकवत नाही. आपण रोज थोडा थोडा धीर उतरवायचो, तसा तो उतरत नाही. दहा दिवस जागचा हलत नाही आणि मग एखाद्या मंगळवारी, कांताबाईच्या जागची नवी बाई ट्रेमध्ये चहा घेऊन तुमच्या दारावरून पुढे निघून जाते, आणि एका कपासाठी तीन खाचा जातात. मला हसू आलं आधी. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, चहासाठी डोळे भरून यावेत? मग आई आठवली, भाकरी थापणारी. आणि लहानूकाका. त्या तीन खाचांबद्दल मी तुझ्याशी वर्षभर भांडले होते. तुझंच खरं होतं. कदाचित तीनही कमीच असतील.

तेव्हा आता, गिरी, हे पत्र कशासाठी ते सांगते. माफी मागायची होती, ती वर मागून झाली, नसेल झाली तर इथे मागते. पण खोटं कशाला बोलू, तेवढ्यासाठी मी पाकीट बंद केलं नसतं. पुढच्या सोमवारी, अठरा तारखेला, बारा वाजता चौकशी आहे. कांताबाईला बोलावलं आहे, मलाही. तिच्या बाजूने पाहिलेलं सांगणारी मी एकटीच. उद्या सोमवार आहे, उद्याही तो कागद येईल, आणि मागच्या सोमवारी माझं पेन उघडलेलं होतं, हे मी गोपाळरावांनाही सांगितलेलं नाही. ते म्हणतात सही करून टाक, घरी बस, कशाला जिवाला त्रास. ते मायेनेच म्हणतात. उद्याचा दिवस मी वही पुढ्यात ठेवून काढीन. अठराचं मात्र मला सांगता येत नाही. चौकशीच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. त्या बाकावर कोणी माझं म्हणून बसलेलं असेल, तर आत मला ते चार शब्द लिहिता येणार नाहीत, एवढं मला माझ्याबद्दल माहीत आहे. तू बोलायचं नाहीस, भांडायचं नाहीस, माझ्याशी गोडही वागायचं नाहीस. नुसतं बसायचं. सकाळी आठची गाडी धरलीस तरी वेळेवर पोचशील. नाही आलास तर मी तुला काही म्हणणार नाही, त्या बाबतीत माझी पायरी मला कळते. पेटीतलं ते कार्ड हवं तर सोबत आण आणि माझ्या हातात दे. काठी असली तर तीही आण. वहीतल्या नियमाप्रमाणे लिहिते, आणि या वेळी खरं लिहिते.

दिवस त्र्याहत्तर.
दाणा भरपूर.
पाणी भरपूर.
तट शाबूत.
धीर एक.

तुझीच,
शामाताई